माळवद, स्लॅब आणि प्रमाणपत्र : वास्तुविशारदांच्या निरंतर शिक्षणातील साहित्यविचाराची चिकित्सा

मराठीत ‘साहित्य’ हा शब्द दोन घरी नांदतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाला तो कविता-कादंबरीकडे नेतो, तर गवंड्याला वाळू, खडी आणि सिमेंटकडे. प्रस्तुत लेखाचा संबंध दुसऱ्या अर्थाशी आहे. तथापि पहिल्या साहित्याच्या समीक्षेत आपण जो प्रश्न सहज विचारतो, तो दुसऱ्याच्या बाबतीत फारसा कोणी विचारत नाही. एखादी संहिता कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली आणि तिने काय सांगायचे टाळले, असा तो प्रश्न आहे. पदवी घेऊन व्यवसायात स्थिरावलेल्या वास्तुविशारदाला बांधकाम-साहित्याविषयी जे ज्ञान पुढील तीस-चाळीस वर्षे मिळत राहते, त्याला निरंतर शिक्षण म्हणतात. या शिक्षणाचीही एक संहिता असते. ती वैजापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणाहून, येथील माती, दगड आणि घरे समोर ठेवून वाचली असता काय दिसते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

तासांचा हिशेब

ब्रिटनमधील वास्तुविशारदांच्या ‘रिबा’ या संस्थेने आपल्या सभासदांना वर्षाकाठी ३५ तासांचे निरंतर शिक्षण बंधनकारक केलेले आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सची अट वर्षाला १८ श्रेयांची असून त्यांपैकी १२ श्रेये आरोग्य, सुरक्षितता व लोककल्याण या विषयांतील असावी लागतात. आपल्याकडे १९७२च्या वास्तुविशारद अधिनियमाने परिषद स्थापन केली, नोंदणी सुरू केली, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी शुल्कही ठरविले. परंतु नूतनीकरणाच्या वेळी मधल्या काळात नवे काय शिकलात, असे हा कायदा विचारीत नाही. वास्तुकला परिषदेचे पुण्यात प्रशिक्षण व संशोधन केंद्र आहे. तथापि त्याच्या उपक्रमांत अध्यापकांच्या प्रशिक्षणाचा भाग मोठा आहे. तालुक्याच्या गावी कार्यालय थाटून बसलेला व्यावसायिक त्याच्या कक्षेत क्वचितच येतो.

म्हणून आपल्याकडेही तासांची सक्ती आणावी, असा निष्कर्ष पुष्कळ जण काढतात. महाविद्यालयीन अध्यापकांनी त्यावर जरा सबुरीने विचार करावा. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे स्थापन झाली, उद्बोधन वर्ग व उजळणी वर्ग सुरू झाले आणि त्यांची सांगड पदोन्नतीशी घातली गेली. त्यांतून काही उत्तम वर्ग झाले हे नाकारण्याचे कारण नाही. पण वेतनश्रेणीची तारीख जवळ आली की जो वर्ग उपलब्ध असेल तो गाठायचा, ही धावपळही आपल्यापैकी कोणाला अपरिचित नाही. तास मोजता येतात म्हणून ते मोजले जातात. त्या तासांत काय सांगितले गेले, हे मोजण्याचे साधन कोणाजवळ नसते.

पाश्चात्त्य व्यवस्थेतही ही उणीव आहेच. तेथे मान्यताप्राप्त प्रशिक्षणदात्यांत बांधकाम-साहित्याचे उत्पादक मोठ्या संख्येने असतात. श्रेयाच्या तासात विशिष्ट मालाची जाहिरात करू नये, असा अमेरिकन संस्थेचा नियम आहे आणि तो स्तुत्य आहे. परंतु जाहिरात केवळ नाव घेऊनच होते असे नाही. कोणता प्रश्न महत्त्वाचा आहे हे ज्याने ठरविले, त्याने अर्धे उत्तर देऊन टाकलेले असते. छतातून पाणी गळते या प्रश्नावर जलरोधक रसायनाचा उत्पादक बोलेल तेव्हा रसायनाचे नाव न घेताही तो रसायनाविषयीच बोलेल. छताला उतारच का दिला नाही, हा प्रश्न त्या तासात येणार नाही.

आपल्याकडे हे काही आज सुरू झालेले नाही. सिमेंट उद्योगाच्या आश्रयाने चाललेले ‘इंडियन काँक्रीट जर्नल’ १९२७ पासून निघते. अभियंत्यांच्या अनेक पिढ्यांनी काँक्रीटचे शास्त्र त्यातून शिकले आणि ते शास्त्र खोटे नव्हते. चुन्याचे, पांढऱ्या मातीचे वा काळ्या दगडाचे मात्र असे नियतकालिक निघाले नाही. निघणार तरी कसे? या वस्तूंना मालक नव्हता आणि मालक नसलेल्या वस्तूला व्याख्याता मिळत नाही. याला एक सन्माननीय अपवाद नोंदविला पाहिजे. पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे यांनी १९३०च्या दशकात मध्यमवर्गीयांच्या घरांवर इंग्रजीत लिहिलेली पुस्तके, त्यांत १९३९चे ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’, विक्रेत्याच्या बाजूने नव्हे तर घर बांधणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली होती. ही बाजू पुढे दुबळी होत गेली.

काळी आणि पांढरी

गावाची वस्ती ज्या जमिनीवर असते तिला आपल्याकडे ‘पांढरी’ म्हणतात आणि शेतीची जमीन ती ‘काळी’. महसुली कागदपत्रांतून आणि बोलण्यातून हा भेद शतकानुशतके चालत आला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीने साचलेली पांढरी पाणी पिऊन काळीसारखी फुगत नाही. म्हणून तीवर घर उभे राहते आणि तीच माती धाब्यावर पसरली जाते. दख्खनच्या काळ्या बेसाल्टपासून झालेल्या काळीत माँटमोरिलोनाइट या चिकणखनिजाचे प्रमाण मोठे असते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. शेतकऱ्याला या भेगा उपयोगी पडतात, घराला नाहीत. वस्ती कोठे करावी आणि कोठे करू नये, याविषयीचा हा दोन शब्दांचा बांधकाम-नियमच होता असे म्हणावयास हरकत नाही.

गेल्या काही दशकांत वैजापूर काय किंवा मराठवाड्यातील इतर तालुक्यांची गावे काय, पांढरी सोडून काळीत उतरली. शेतजमीन अकृषिक झाली, तिचे भूखंड पडले, भूखंडांवर बंगले आले. त्यातून वैजापूर अवर्षणप्रवण. दीर्घ कोरडा काळ आणि मग एकदम ओल, हे चक्र येथे तीव्र असते आणि त्याच प्रमाणात जमिनीची हालचालही. दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. मालक गवंड्याला दोष देतो, गवंडी विटेला आणि दुकानदार भेग बुजविण्याचे संयुग देतो. जमिनीचे नाव कोणी काढीत नाही.

वास्तविक यावरील उपाय देशातच विकसित झाला आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खालच्या टोकाशी रुंद होणाऱ्या, म्हणजे अंडर-रीम्ड, पाइल्सचे तंत्र याच मातीसाठी बसविले आणि भारतीय मानक २९११च्या तिसऱ्या भागात ते ग्रथित आहे. तत्त्व साधे आहे : ऋतुमानाप्रमाणे ओल जेथे फारशी बदलत नाही त्या खोलीवर, साधारणपणे साडेतीन मीटरवर, घराचा भार टेकवायचा. हे तंत्र कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नाही. भेग बुजविण्याच्या संयुगावर सत्र होते आणि पायावर होत नाही, याचे कारण याहून निराळे शोधण्याची गरज वाटत नाही.

विटेची कथा थोडी वेगळी आहे, कारण तेथे बदल कायद्याने आला. औष्णिक वीजकेंद्रांतील राख बांधकामात वापरावी अशी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची अधिसूचना १९९९ साली निघाली. तिची कक्षा वीजकेंद्रापासून ५० किलोमीटर होती; २००३ साली ती १०० व २०१६ साली ३०० किलोमीटर झाली. नाशिकजवळील एकलहरे केंद्र धरले तर वैजापूर या शेवटच्या कक्षेत येते. सुपीक माती विटांसाठी खरवडली जाऊ नये, हा हेतू उचितच आहे. पण माल बदलला की त्याच्याशी वागण्याची रीत बदलते, आणि ती कोणी कोणाला शिकविली? राखेची वीट वा हलक्या काँक्रीटचा ठोकळा भाजक्या विटेप्रमाणे हाताळला, जाड आणि कडक सिमेंटच्या मसाल्यात बसविला आणि काँक्रीटच्या खांबाला जाळी न लावता भिडविला, की सांध्यावर सरळ उभी भेग पडते. तिरकी भेग जमिनीची आणि सरळ उभी भेग सांध्याची, एवढे भेदज्ञान ज्या वर्गात मिळेल तो वर्ग एका दिवसाचा असला तरी चालेल.

किल्लारीचा अपुरा वाचलेला धडा

मराठवाड्यात बांधकाम-साहित्याची चर्चा ३० सप्टेंबर १९९३ या दिवसाला टाळून करता येत नाही. त्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत ६.२ परिमाणाचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळच्या भूकंपीय नकाशात हा भाग क्षेत्र एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली भारतीय मानक १८९३ची सुधारित आवृत्ती आली, तीत क्षेत्र एक हा वर्गच काढून टाकण्यात आला आणि किल्लारीचा परिसर क्षेत्र तीनमध्ये गेला.

लोकांनी, आणि बहुतांशी तज्ज्ञांनीही, या घटनेचा अर्थ ‘दगडमातीने माणसे मारली’ असा लावला. हे वाचन चुकीचे नाही, अपुरे आहे. कोसळलेल्या भिंती दोन-तीन फूट, क्वचित त्याहून अधिक जाडीच्या होत्या. आतला दर्शनी थर वेगळा, बाहेरचा वेगळा आणि मध्ये दगडगोट्यांची भर, अशी त्यांची रचना होती. दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड त्यांत नव्हता. हादऱ्याने थर सुटले आणि भिंत फुगून फुटली. वर धाब्यावरील मातीचे ओझे होते. परंतु याच गावांत अशीही घरे होती की ज्यांत धाबे लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर तोललेले होते. त्यांपैकी काही घरांत भिंती बाहेर पडल्या आणि सांगाडा उभा राहिला. दगड, माती आणि लाकूड हे तेच होते. फरक जोडणीत होता.

१९९३ सालीच प्रसिद्ध झालेल्या भारतीय मानक १३८२८ने ही गोष्ट नेमकी नोंदविली आहे. दगडी भिंत ४५० मिलिमीटरहून जाड नसावी. दर ६०० मिलिमीटर उंचीला आणि आडवे जास्तीत जास्त १.२ मीटर अंतराने भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड असावा. तो न मिळाल्यास भिंतीच्या सुमारे पाऊण जाडीचे दोन दगड एकमेकांच्या शेजारी घालावेत. हे मानक दगड नाकारत नाही, त्याला शिस्त लावते. पुनर्वसनाने मात्र वेगळी वाट धरली. ५२ गावे उठवून नव्या जागी वसविण्यात आली आणि तेथे चौकटीच्या आखणीत एकसारखी पक्की घरे बांधली गेली. या गावांचा पुढे अनेकांनी अभ्यास केला. त्यांपैकी रोहित जिग्यासू यांचा २००२ सालचा नॉर्वेतील विद्यापीठाला सादर झालेला प्रबंध स्थानिक ज्ञान आणि आपत्ती यांच्या संबंधावर आहे. नव्या घरांत ओसरी, चौक, गोठा यांची सोय बसेना, तेव्हा लोकांनी आपल्या हाताने पत्र्याच्या आणि दगडाच्या पडव्या जोडल्या. आणि त्या जोडताना आरपार दगड कोणता, हे त्यांना पुन्हा कोणी सांगितलेले नव्हते.

या पुनर्वसनाचा कमी बोलला गेलेला भाग दुसरा आहे. स्थलांतर न झालेल्या शेकडो गावांत घरमालकांनी स्वतःच दुरुस्ती व मजबुतीकरण करावे, असा कार्यक्रम होता. त्यात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावातील स्त्रियांनी संवाद सहायक म्हणून काम केले. भिंतीला आरपार छिद्र पाडून त्यात वाकविलेली सळई आणि काँक्रीट भरायचे, दारा-खिडक्यांवरून सलग पट्टी फिरवायची, धाब्यावरील माती उतरवायची, या गोष्टी त्या घरोघर समजावीत होत्या. बांधकाम-साहित्याचे निरंतर शिक्षण याहून वेगळे काय असते? पण तेथे कोणालाही तासांचे श्रेय मिळाले नाही आणि बहुधा म्हणूनच शिक्षणाच्या इतिहासात त्याची नोंदही नाही.

एका छताचे दोन आकडे

आता मूळ मुद्द्याकडे यावयाचे तर एक छोटेसे गणित मांडणे उपयुक्त ठरेल. केंद्र सरकारच्या २०१८च्या ‘इको-निवास संहिते’ने निवासी इमारतीच्या छतातून होणाऱ्या उष्णता-पारगमनाची मर्यादा १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्व्हिन अशी ठरविली आहे. पंधरा सेंटिमीटर जाडीच्या उघड्या काँक्रीट स्लॅबचे हे मूल्य तीनच्या वर जाते. उलट ४५ सेंटिमीटर कोरडी माती आणि तिच्याखाली चार सेंटिमीटरच्या लाकडी फळ्या असलेले धाबे घेतले, मातीची उष्णतावाहकता ०.७५ आणि लाकडाची ०.१४ धरली, तर उत्तर एकच्या किंचित खाली येते. म्हणजे आजोबांचे माळवद आजच्या संहितेत उत्तीर्ण होते आणि नातवाचा स्लॅब अनुत्तीर्ण! मे महिन्यात स्लॅबखाली झोपणाऱ्याला हे सांगण्यासाठी संहितेची आवश्यकता नाही, हा भाग वेगळा.

परंतु येथेच थांबणे म्हणजे किल्लारी विसरणे होय. त्याच ४५ सेंटिमीटर मातीचे वजन दर चौरस मीटरला साडेसातशे किलोच्या घरात जाते; स्लॅबचे सुमारे ३७५ किलो. जो थर घर थंड ठेवतो तोच थर भूकंपात घर मारतो. मग मातीचा थर २० सेंटिमीटरवर आणून पाहावे. वजन सुमारे ३४० किलो, म्हणजे स्लॅबहून थोडे कमी. उष्णता-पारगमन सुमारे १.३, म्हणजे मर्यादेच्या जरासे वर. उरलेले अंतर भुश्शाच्या वा अन्य हलक्या थराने भरून निघू शकते. हे आकडे ढोबळ आहेत, माती ओली झाली की दोन्ही बिघडतात. तरी बांधकाम-साहित्याचे शिक्षण कोणत्या रीतीचे असावे हे त्यांतून कळते. साहित्य म्हणजे एक गुण नव्हे. ते परस्परांशी भांडणाऱ्या गुणांचे गाठोडे असते आणि अभिकल्प म्हणजे त्या भांडणातील तडजोड.

उत्पादकांची सत्रे ही तडजोड शिकवीत नाहीत, कारण त्यांना एकच गुण विकायचा असतो. हलका ठोकळा हलका असतो, एवढेच तेथे कळते. पण हीच टीका विरुद्ध पक्षावरही केली पाहिजे. अलीकडे शहरी वास्तुविशारदांसाठी मातीकामाच्या दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा भरतात. पायाने चिखल तुडवावा, गिलाव्यावर हात फिरवावा, छायाचित्रे काढावीत, असा त्यांचा कार्यक्रम असतो. हाताला मातीची ओळख होते हे खरे, आणि ती व्हावीही. परंतु भिंत किती उंचीनंतर अस्थिर होते, वाळवीचे काय, सागवानाचा आजचा भाव काय, दर पावसाळ्यापूर्वी धाब्यावर पांढरी माती टाकायला माणूस कोठून आणायचा, हे प्रश्न तेथे अरसिकपणाचे मानले जातात. वैजापुरातला सामान्य माणूस आज धाब्याचे घर बांधणार नाही, आणि त्याला तसा उपदेश करण्याचा अधिकार वातानुकूलित सभागृहातून आलेल्या व्याख्यात्याला नाही. त्याला हवा आहे तो स्लॅबच, फक्त उन्हात न तापणारा आणि काळीत न तडकणारा. मातीचा गौरव आणि ठोकळ्याची जाहिरात या दोहोंत विक्रीचा स्वर एकच आहे.

नामाधिकार आणि प्रयोगशाळा

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. वैजापूर तालुक्यातील किती घरे वास्तुविशारदाच्या हातून जातात? सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये वास्तुकला परिषद विरुद्ध मुकेश गोयल या प्रकरणात असा निर्वाळा दिला, की १९७२चा अधिनियम ‘वास्तुविशारद’ या पदनामाला संरक्षण देतो, व्यवसायाला नव्हे. घराचा आराखडा अन्य व्यक्ती करू शकते. आणि आपल्याकडे तो पुष्कळदा अभियंता, आरेखक किंवा थेट गवंडीच करतो. मग केवळ वास्तुविशारदांच्या निरंतर शिक्षणाची चिकित्सा करून काय साधणार? आक्षेप मान्य केला तरी त्यातून निघणारा निष्कर्ष उलट दिशेचा आहे. संवाद सहायक स्त्रियांनी जे केले ते पाहता, हे शिक्षण पदनामाच्या कुंपणात कोंडण्यातच चूक आहे. वास्तुविशारद, अभियंता, गवंडी आणि दुकानदार यांनी एकाच भिंतीसमोर उभे राहून बोलावे, असा वर्ग सभागृहात भरत नाही. तो पडक्या वाड्यात किंवा अर्धवट बांधकामावर भरतो.

ज्ञानशाखांचे कुंपणही तसेच. याच जिल्ह्यातील वेरूळच्या लेण्यांत मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले आढळले. हा शोध राजदेव सिंह आणि मि. एम. सरदेसाई यांनी २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये मांडला. एक पुरातत्त्वीय रसायनज्ञ, दुसरे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. गिलावा शतकानुशतके कसा टिकतो, या शुद्ध वास्तुशास्त्रीय प्रश्नाचे एक उत्तर वनस्पतिशास्त्राच्या विभागातून आले आहे.

तेव्हा तालुक्याच्या महाविद्यालयाला या कामात स्थान आहे. मुक्त फुगवटा निर्देशांक काढण्याची रीत भारतीय मानक २७२०च्या चाळिसाव्या भागात (१९७७) दिली आहे. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली दहा-दहा ग्रॅम माती शंभर मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत घ्यायची. एकीत ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलात माती फुगत नाही. किमान चोवीस तासांनी दोन्हींतील मातीचे आकारमान वाचायचे, फरकाला रॉकेलातील आकारमानाने भागून शंभराने गुणायचे. रसायनशास्त्राच्या कोणत्याही पदवी प्रयोगशाळेत हे साहित्य असतेच आणि द्वितीय वर्षाचा विद्यार्थी ते बिनचूक करू शकतो. भूगोल विभागाने गट क्रमांकानुसार नमुने आणावेत, रसायनशास्त्र विभागाने आकडे काढावेत आणि त्यांची नोंदवही नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात एक आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक अशी ठेवावी. नाशिकहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून वैजापुरातील बंगल्याचा आराखडा पाठविणाऱ्या वास्तुविशारदाला मग पायाची खोली ठरविण्यापूर्वी ती वही पाहावी लागेल. नमुने मे महिन्यात, पहिल्या पावसापूर्वी घ्यावेत; काळीच्या भेगा त्या वेळी उघड्या असतात आणि खालचा थर कोठे सुरू होतो हे डोळ्यांनी दिसते.